कोरड्या बोअरचं पाणी

गिरजाक्का, चामड्याची वाटी मी पालथी बसवली होती.

झालं. लिहिलं. सहा वर्षं तुला माझ्या तोंडून एवढंच वाक्य ऐकायचं होतं आणि सहा वर्षं मी कधी खोकून, कधी घड्याळ बघून, कधी ड्रायव्हरला जीप सुरू करायला सांगून ते टाळलं. आता ऐकायला तू नाहीस म्हटल्यावर लेखणी कशी भराभर चालते आहे बघ. मी असलाच माणूस आहे हे तू पहिल्या दिवशी ओळखलंस, आणि त्याचाच मला राग आहे. तू गेल्यानं तो कमी झालेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड लिहायची पद्धत आहे, पण तुझ्याबद्दल तसं लिहायला गेलो तर तूच उठून बसशील आणि म्हणशील, "सायेब, खोटं किती लिवताय की!"

बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडचे आड तळापर्यंत खरवडून झाले होते. तुमच्या वाडीत यंत्रानं बोअर पाडली, पंप बसवला, आणि पाच-सहा महिन्यांनी एक दिवस कितीही हापसलं तरी पाणी वर येईना. फिटर आजारी होता. दुसरा कुणी शहाणा असता तर फिटर बरा व्हायची वाट बघत बसला असता. मी नवा ओव्हरसियर, सोलापूरचा, डिप्लोमाच्या कागदाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. नोकरी अजून कायम व्हायची होती. म्हटलं, त्यात काय आहे?

त्यात काय होतं ते आता सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. नळाच्या तळाशी, जमिनीच्या पोटात, एक दट्ट्या असतो. त्या दट्ट्याला चामड्याची वाटी असते. वाटीचं तोंड आभाळाकडं असलं की ती पाणी धरून वर आणते. संपलं शास्त्र. चार मजूर लावून, तीन वाशांची घोडी उभी करून मी नळ वर काढले, झिजलेली वाटी फेकली, नवी घेतली आणि मोठ्या रुबाबात बसवायला लागलो. सगळी वाडी गोळा झाली होती. तू गोणपाटावर मांडलेल्या सामानाकडं बघत उभी होतीस. तुझ्या घरात मोटा शिवायचं काम. चामड्याचं तोंड कुठलं आणि बूड कुठलं हे तुला हात लावूनसुद्धा बघावं लागत नव्हतं.

"सायेब, वाटी पालथी हाय."

मी काय म्हणालो ते तू नंतर इतक्या वेळा, इतक्या लोकांना, माझ्या आवाजात म्हणून दाखवलंस की मला स्वतःला विसरायची सोयच उरली नाही. मी म्हणालो, "म्हातारे, तू तुझ्या मोटा शीव. हे इंजिनिअरिंग आहे."

नळ खाली सोडले. अर्धा तास हापसलं. आधी मजुरांनी, मग शर्टाच्या बाह्या सारून मी. घामाखेरीज कसलंही पाणी निघालं नाही. तेव्हा मी कपाळ पुसलं, डायरी काढली आणि सगळ्यांदेखत शेरा लिहिला: बोअर कोरडी, पंप काढून अन्यत्र वापरावा. खाली सही केली. सही फार झोकदार आली होती.

वर साहेबांनी माझी पाठ थोपटली. दुष्काळात एक अख्खा पंप वाचवून दुसऱ्या गावाला मिळवून देणारा तरुण! आठ दिवसांनी ट्रक पाठवला. ट्रक तसाच रिकामा परत आला, कारण पंपाचा दांडा जागेवर नव्हता आणि आमचं स्टोअर अपुरा पंप आत घेत नाही. नियमच आहे तसा. हा नियम तुला कुणी सांगितला होता, आक्का? मला नोकरीला लागून वर्ष झालं तरी माहीत नव्हता.

मी फिर्याद दिली. सरकारी दांड्याची चोरी, संशय गिरजाबाईवर. औटपोस्टचा हवालदार सायकलवर आला, मी जीपमधून. तू दारात बसून आरी ओढत होतीस. हवालदारानं विचारलं तर तू मान वरसुद्धा केली नाहीस.

"दांडा हाय की. त्या रांजणात बुडवून ठिवलाय. घ्या काढून."

रांजणात तरवडाच्या सालीचं पाणी, त्यात कातडी मुरत घातलेली, आणि वास असा की जीपचा ड्रायव्हर आपणहून शंभर पावलं लांब जाऊन उभा राहिला. हवालदारानं माझ्याकडं बघितलं. मी हवालदाराकडं. "साहेब, दांडा तुमचा," तो म्हणाला. "फिर्याद तुमची," मी म्हणालो असतो, पण तीही माझीच होती. दोघांनीही हात घातला नाही. ज्या रांजणात हात घालायला वाडीतला एकही माणूस धजणार नव्हता, नेमका तोच तू निवडला होतास. तुझ्या डोक्याला डिप्लोमाची गरज नव्हती.

आणि मग हवालदाराचं लक्ष बायकांच्या हातांकडं गेलं. सगळ्या वाडीचे तळवे काळे. तुझे काळे, तुझी सून शेवंता तिचे काळे, एवढंच काय, पलीकडच्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरच्या द्वारकाबाईंचेसुद्धा काळे. तरवडाच्या सालीत लोखंड मुरलं की शाईसारखं काळं होतं आणि धरणाऱ्याच्या हाताला लागतं, हे मला मागाहून कळलं.

"पंप बंद आहे ना? मग हात कशानं काळे?"

"चुलीची काजळी," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांच्या घरात त्या चुलीपुढं बसत नव्हत्या हे हवालदारालाही माहीत असावं.

तू आत गेलीस, तांब्या आणलास आणि हवालदाराच्या ओंजळीत पाणी ओतलंस. तो घटाघट प्याला, मिशा पुसल्या आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "साहेब, तुमच्या कोरड्या बोअरचं पाणी गोड आहे हो."

ट्रक परत गेला त्याच दिवशी तू द्वारकाबाईंचे बैल आणि त्यांच्या मोटेचा नाडा मागून आणला होतास, वाशांच्या घोडीला मोटेचं चाक बांधलं होतंस आणि बैल चालवून नळ वर ओढले होतेस. माझी वाटी काढून उलटी केलीस, म्हणजे सुलटी केलीस. रोज पहाटे दांडा रांजणातून निघायचा, जोडला जायचा, वाडी पाणी भरायची, आणि दिवस वर यायच्या आत पुन्हा रांजणात. हे मला शेवंतानं सांगितलं. तू स्वतः हवालदारासमोर फक्त एक काम केलंस. चुलीजवळची पितळी वाटी आणलीस आणि माझ्यापुढं जमिनीवर पालथी ठेवलीस.

तेव्हापासून मी जेव्हा जेव्हा वाडीत आलो तेव्हा माझ्यापुढं तीच पालथी वाटी. दुसऱ्यांना चहा, मला वाटी. एकदा तहसीलचे अधिकारी बरोबर होते. त्यांनी विचारलं, ही काय पद्धत? तू म्हणालीस, "सायबास्नी इचारा. त्येंचं इंजिनिअरिंग हाय." असला खुनशीपणा मी दुसऱ्या कुठल्याही बाईत पाहिला नाही.

फिर्याद मी मागं घेतली, दांडा सापडला असं लिहून दिलं. ट्रक पुन्हा पाठवला नाही, पण शेराही खोडला नाही. खोडायचा तर कारण लिहावं लागणार होतं आणि कारण एकच होतं. आधी म्हटलं, नोकरी कायम होऊ दे. झाली. मग म्हटलं, बढतीचं होऊ दे. मग काही म्हणायचंच सोडून दिलं. अशानं तुमची बोअर आमच्या फाइलीत कोरडीच राहिली. आणि कोरड्या बोअरला कशाची गरज? ना फिटर, ना सामान, ना तेल. सरकारच्या लेखी तुमच्या वाडीत हापसाच नव्हता.

इथं तू जिंकलीस आणि मी चिडलो ते आजतागायत. कारण माझ्या हाताखालच्या इतर गावांत, जिथं फाइलीत 'चालू' असं ठळक लिहिलं होतं, तिथले पंप एकामागून एक बंद पडले. ओतीव लोखंडाचं बीड फुटलं, खिळा तुटला, पोरांनी झोके घेऊन दांडा वाकवला. गावकरी अर्ज करायचे, अर्ज माझ्याकडं यायचा, मी फिटरकडं पाठवायचो, फिटर तिसऱ्याच गावात असायचा. तोवर बायका पुन्हा ओढ्यात झरे उकरायला. आणि तुमचा कोरडा पंप चालू! जुन्या मोटेच्या चामड्याच्या वाट्या तू कापायचीस, करडईच्या तेलात भिजवून ठेवायचीस, दर चार-सहा महिन्यांनी बैल जुंपून नळ वर काढायचीस. नळ उकलायला मोठा पाना लागतो. तोही माझाच. मी विसरलो होतो, तू परत दिला नाहीस, आणि मागायचं माझं तोंड नव्हतं. पंपाभोवती दगड बसवून सांडपाण्याला पाट काढलास, तिथं धुणं धुणाऱ्या बाईला तू काय काय बोलायचीस ते इथं लिहिता येणार नाही.

पण दांडा तुझ्या घरात का, हा माझा मुद्दा होता आणि तो मी मेल्यावरही सोडणार नाही. दुपारी बारा वाजले की दांडा काढून खांद्यावर टाकून तू घरी. दिवस मावळला की पुन्हा घरी. कुणाचं लग्न असो, कुणाकडं पाहुणे असोत.

मी ओरडलो होतो, "ही सरकारी मालमत्ता आहे. तुझ्या लहरीवर पाणी मिळायचं?"

"लोकंडाला बी इसावा लागतो की."

"उद्या तुला काही झालं तर? एका माणसाच्या मुठीत असलेली गोष्ट टिकत नाही, आक्का."

तू आरी खाली ठेवलीस. "आन् कुनाच्याच मुठीत नसल्याली टिकती व्हय? तुमच्या बाकीच्या पंपांचं काय झालं, सांगा की."

मी घड्याळ बघितलं.

हा वाद अजून संपलेला नाही. तू निम्मी बरोबर होतीस, आणि त्या निम्म्यावरच तू इतकी वर्षं ताठ मानेनं मिरवलीस. उरलेल्या निम्म्याचं काय? पहिली दोन वर्षं दांडा काढायला-जोडायला तू दुसऱ्या कुणाला दिला नाहीस. शेवंताला काही शिकवताना मी तुला कधी बघितलं नाही. द्वारकाबाईंचे बैल वापरून त्यांनाच तू रांगेत सगळ्यांच्या मागं उभं करायचीस. मी विचारलं, "बैल त्यांचे, मग त्या मागं का?" तर म्हणालीस, "बैल म्होरंच हायती की. त्याच तेवढ्या मागं." वाडी हसली. द्वारकाबाई हसल्या नाहीत. मला वाटलं, सत्ता मिळाली की माणूस असाच माजतो. मी तुला तसं बोलूनही दाखवलं. तू काही उत्तर दिलं नाहीस. इतर वेळी चार उत्तरं तोंडावर मारणारी तू त्या दिवशी गप्प कशी, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मला वाटलं, चला, एकदा तरी हिला गप्प केलं.

यंदा नळालाच चीर गेली. चामड्यानं बुजणारी गोष्ट नव्हती ती. पन्नासदा हापसल्यावर घागरीच्या तळाशी पाणी. नवा नळ स्टोअरमध्ये पडून होता, मी स्वतः पाहिला होता. पण स्टोअर नळ देतं यादीतल्या बोअरला, आणि यादीत तुमची बोअर कोरडी. शेरा खोडल्याशिवाय नळ नाही. तू निरोप पाठवलेस. पहिला, दुसरा, तिसरा. मी प्रत्येक निरोपाला "करतो" असं उत्तर दिलं. माझं ते सगळ्यांत सफाईदार काम.

मग तू स्वतःच आलीस. एस्टीनं, सांगोल्याहून सोलापूरपर्यंत, चिरलेल्या नळाचा हातभर तुकडा फडक्यात गुंडाळून. शिपायानं येऊन सांगितलं, बाहेर एक म्हातारी बाकावर बसली आहे, खोकते आहे, पण हलत नाही. ह्यापुढचं लिहायला मला जड जातं आहे, पण तुला नाही सांगायचं तर कुणाला? मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन लपलो. जुन्या फायलींच्या रॅकमागं, स्टुलावर, दुपारचा डबासुद्धा तिथंच खाल्ला. त्याच रॅकमध्ये तुमच्या वाडीची फाइल होती. हात लांब केला असता तर लागली असती. केला नाही. चार वाजता शिपाई म्हणाला, गेली. बाहेर येऊन बघतो तर माझ्या टेबलावर तुझी पितळी वाटी. पालथी.

मला त्या क्षणी लाज वाटली असं लिहिलं तर छान दिसेल. संताप आला. म्हटलं, आता ही थेरडी ऑफिसातही पोचली. वाटी मी ड्रॉवरमध्ये टाकून दिली.

तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. शेवंताचं अक्षर. मोजकं लिहिलं होतं: "आत्याबाई वारल्या. पाईपचं काय केलं ते कळवावं."

तुझ्या जाण्याबद्दल दोन शब्द, पाईपबद्दल पाच. सून तुझीच.

मग मी फाइल काढली. तुझ्यामुळं काढली असं समजू नकोस, त्या वाटीमुळं काढली. दर वेळी ड्रॉवर उघडला की ती खडखडायची. आधी लिहिलं की त्या वेळी पुरवलेलं चामडं हलक्या दर्जाचं होतं. फाडलं. मग लिहिलं की पाण्याची पातळी पुढं आपोआप वाढली असावी. तेही फाडलं. तिसऱ्या खेपेला जे लिहिलं ते या लेखाचं पहिलं वाक्य आहे, फक्त त्यात तुझ्या नावाच्या जागी साहेबांचा हुद्दा आहे. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. "सहा वर्षं?" एवढंच म्हणाले. शेरा खोडला गेला. नळ मंजूर झाला, पण स्टोअरमधून निघून वाडीत पोचायला आणखी थोडे दिवस लागतील. ते मात्र माझ्या हातात नाही. हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं. मी ते आयुष्यभर वापरत आलो आहे.

परवा अर्जाची नक्कल आणि तुझी वाटी घेऊन वाडीत आलो. दुपारचे बारा वाजायला आले होते. शेवंता दांडा काढत होती. खिळा उपसला, तेलाचं बोट फिरवलं, दांडा खांद्यावर टाकला. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, "आत्याबाईनं. तुमची जीप आली की मला आत धाडायच्या. म्हनायच्या, सायबाला दिसलं की त्यो त्येची बी फिर्याद दील." म्हणजे तू शिकवत होतीस. माझा उरलेला निम्मा मुद्दाही तू माझ्या पाठीमागं पळवून नेलास, आणि मी सहा वर्षं तो तुझ्या तोंडावर मारत होतो. हा हलकटपणा झाला, आक्का.

द्वारकाबाई रांगेत होत्या. अजून शेवटीच. म्हटलं, "बाई, आता तरी पुढं व्हा. गिरजाक्का गेली."

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. मग घागरीकडं बघत, मला नव्हे, घागरीलाच सांगितल्यासारखं बोलल्या, "आडावर तिच्या घरच्यास्नी दोर टाकू देत नव्हतो आमी. घागर ठिवून लांब हुबं ऱ्हायचं, कुनाच्या मनात येईल तवा वरनं वतायचं. माज्या मनात लई उशिरा यायचं. कवा कवा यायचंच न्हाय."

हे तू मला का सांगितलं नाहीस? सत्तेचा माज म्हणालो तेव्हा गप्प का बसलीस? मी काय समजून घेतलं नसतं? नसतंच घेतलं म्हणा. पण मला न समजून घ्यायची संधी तरी द्यायची होतीस. तुझ्याशी भांडण्यासारखं सगळं महत्त्वाचं मला आत्ताच कळतं आहे, आणि तू पळून गेलीस. रॅकमागं लपलेला मी निदान चार वाजता बाहेर तरी आलो.

तुझ्या दारात मी अर्ज मोठ्यानं वाचला. रांगेतल्या बायका मागोमाग आल्या, घागरी खाली ठेवून ऐकत होत्या. वाटी पालथी बसवली इथं आलो तेव्हा ते वाक्य दोनदा वाचलं. तुझ्यासाठी की माझ्यासाठी, ठाऊक नाही. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मग पिशवीतून तुझी वाटी काढली, धोतराच्या टोकानं पुसावी तशी रुमालानं पुसली आणि तुझ्या उंबऱ्यापाशी जमिनीवर ठेवली. सुलटी. तोंड आभाळाकडं. मला वाटलं, आता काहीतरी संपलं.

शेवंतानं खांद्यावरचा दांडा भिंतीला टेकवला. खाली वाकली, वाटी उचलली आणि पुन्हा पालथी घातली.

"कागूद वाचून घागर भरती व्हय? पाईप येऊ द्या, पानी येऊ द्या, मग वाटी आमचं आमी सुलटी करू," ती म्हणाली. मी उठून जीपकडं निघालो, तशी मागून हाक आली. "आन् सायेब, पाईप बसवायला दुसरं कुनीतरी धाडा."